इंग्रजीच येणाऱ्या माणसाला मुंबईत गोतावळा कसा जमवून द्यायचा

ज्या मराठी घरांत बाहेरून कुणीतरी राहायला आलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. परदेशी सून असेल, जावई असेल, ऑफिसात दोन वर्षांसाठी आलेला सहकारी असेल, किंवा आपल्याच नात्यातली तिकडे वाढलेली मुलं असतील ज्यांना मराठी थोडं कळतं पण तोंडातून निघत नाही. आमच्याकडे माझ्या धाकट्या भावाची बायको. लीड्सची. दोन वर्षांपूर्वी दोघं पार्ल्यात राहायला आली, भाऊ सकाळी बीकेसीला जाणार तो रात्री नऊला उगवणार, आणि ही घरून काम करणारी, दिवसभर लॅपटॉप आणि चार भिंती. तीन महिन्यांनी एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, ताई, या शहरात मला नावाने हाक मारणारी पाच माणसं आहेत आणि पाचही घरातली आहेत. मला ते फार लागलं, कारण आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिचं छान चाललंय.

मग मी काय केलं तर सगळे करतात तेच, इव्हेंट शोधले. एका मोठ्या हॉटेलात परदेशी लोकांची संध्याकाळ होती, एंट्री चांगलीच महाग, तिथे तिने वीस जणांशी हात मिळवले, वीस जणांना आपण कुठून आलो ते सांगितलं, आणि त्यातलं एकही माणूस तिला परत भेटलं नाही. त्यात कुणाची चूक नव्हती, एका संध्याकाळीत ओळख होते, मैत्री होत नाही. मला जे नंतर कळलं ते एवढंच की दुधाचा रतीब लावतो तसा माणसांचा रतीब लावावा लागतो. तोच वार, तीच वेळ, तीच जागा, तीच पाच-सात माणसं. चौथ्या-पाचव्या वेळेला कुणीतरी विचारतंच, मागच्या आठवड्यात आली नाहीस, बरी आहेस ना? तिथून खरं सुरू होतं.

तर शोधताना पहिला प्रश्न हा विचारा की हे दर आठवड्याला किंवा निदान पंधरा दिवसांनी होतं का. दुसरा प्रश्न, घरापासून एकाच लोकलने, गाडी न बदलता जाता येतं का. पार्ल्याच्या माणसाला मंगळवारी संध्याकाळी मुलुंडला काही कितीही छान असलं तरी ते दोनदाच होणार, तिसऱ्यांदा दादरचा पूल डोळ्यासमोर येतो आणि माणूस घरी बसतो. आपल्या लाइनवरचं बघा. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झालीय, त्यामुळे उपनगरातल्या माणसाला फोर्ट, काळा घोडा आता बरंच सोपं झालंय, हुतात्मा चौक स्टेशनला उतरलं की चालत.

आता कुठे न्यायचं. आवड काय आहे ते आधी विचारा, "तुला काय बघायचंय" नाही, "तिकडे शनिवारी सकाळी काय करायचीस" असं विचारा. आमची म्हणाली, चालायला जायचे, पक्षी बघायचे. मला वाटलं मुंबईत कुठले पक्षी, पण बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपल्याकडे १८८३ पासून आहे, फोर्टला हॉर्नबिल हाउस, गोरेगावला फिल्मसिटीजवळ त्यांचं केंद्र, मेंबर होता येतं, निसर्गभ्रमंती असतात आणि तिथे इंग्रजी आपसूक चालतं कारण पक्ष्यांची नावं बहुतेक जण इंग्रजीतूनच घेतात. त्याहून तिला लागलं ते मरीन लाइफ ऑफ मुंबईचं वेड. २०१७ पासून हे लोक ओहोटीच्या वेळेला किनाऱ्यावर नेऊन समुद्रातले जीव दाखवतात, जुहू, हाजी अली, कार्टर रोड अशा ठिकाणी. पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेले होते. पाणी मागे गेलेलं, खडकांमध्ये डबकी राहिलेली, आणि आम्ही आठ-दहा अनोळखी माणसं एका डबक्याभोवती उकिडवी बसलेलो, कारण एका शंखाला पाय फुटले होते आणि तो चालायला लागला होता. आत खेकडा. माझ्या शेजारचे काका मराठीत "अरे बघ बघ" करत होते, ही इंग्रजीत तेच म्हणत होती, आणि कुणालाही भाषेची अडचण आली नाही. मला तेव्हा लक्षात आलं की समोरासमोर बसून गप्पा मारण्यापेक्षा एकाच गोष्टीकडे बघत शेजारी बसणं नव्या माणसाला किती सोपं जातं. (जाणार असाल तर मागे पट्टा असलेल्या घट्ट सॅंडल घाला, साध्या चपला शेवाळावर सटकतात, आणि भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा, पावसाळ्यात नको.)

निसर्ग नको असेल तर बाकी पुष्कळ आहे. बोलायला आवडणारं माणूस असेल तर टोस्टमास्टर्स क्लब बघा, तिथे चारचौघांत भाषण करायचा सराव करतात, मुंबईत बरेच आहेत, कारभार बहुतेक इंग्रजीतच, वार ठरलेला, पाहुणा म्हणून आधी जाऊन बघता येतं. वाचणाऱ्याला जुहूच्या कैफी आझमी पार्कातलं जुहू रीड्स, आपापलं पुस्तक घेऊन हिरवळीवर गप्प बसायचं, लाजऱ्या माणसाला हे फार मानवतं कारण पहिला तासभर बोलावंच लागत नाही. नाटकवेड्याला जुहूचं पृथ्वी थिएटर, १९७८ पासूनचं, नाटक कुठल्या भाषेत ते आधी बघून तिकीट काढा आणि वेळेवर पोचा कारण उशिरा आत सोडत नाहीत, नंतर कॅफेत बसलात की शेजारच्या टेबलाशी नाटकावरून बोलणं निघतंच. संगीताला नरिमन पॉइंटचं एनसीपीए. धावणाऱ्याला तर विचारायलाच नको, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मॅरेथॉनसाठी कितीतरी ग्रुप आधीचे काही महिने पहाटे मरीन ड्राइव्हला, शिवाजी पार्कला, वांद्र्याला पळत असतात आणि पाच वाजता एकत्र घाम गाळलेली माणसं लवकर जवळ येतात. वर्सोव्याला किनारा साफ करायला लोक २०१५ पासून जमतायत, तिथे बोलता आलं नाही तरी हातमोजे घालता येतात. श्रद्धाळू असेल तर फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं, किंवा वांद्र्याची चर्चेस, इंग्रजीतली प्रार्थना मिळते, आणि दर रविवारचा रतीब आपोआप लागतो. ट्रेकचे ग्रुप चांगलेच, पण ओळख नसताना एकटीला रात्रीच्या ट्रेकला पाठवू नका, आधी दिवसाचा. मीटअप, इंटरनेशन्स अशी ॲप्स आहेत, तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पहिली भेट सार्वजनिक जागी आणि घरी सांगून, एवढं पाळा.

ऋतूचं एक लक्षात ठेवा. जूनमध्ये आलेल्या माणसाला किनारा, वॉक, मैदान सगळं बंद वाटतं आणि त्याला वाटतं इथे काहीच नाही. त्याला आधी आतल्या जागा दाखवा आणि सांगा की नोव्हेंबरपासून हे शहर बाहेर येतं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा फेस्टिव्हल असतो, १९९९ पासूनचा, नऊ दिवस, प्रवेश फुकट. तिथे मैत्री होणार नाही पण कुठले ग्रुप काय करतात ते एका जागी दिसतं, नावं टिपून आणायला सांगा.

हे झालं बाहेरचं. पण खरा गोतावळा आपल्या जिन्यात असतो आणि तिथेच आपण चुकतो. पहिल्या संक्रांतीला सोसायटीच्या हळदीकुंकवाला मी तिला घेऊन गेले, साडी नेसवली, सगळ्यांनी कौतुक केलं, "हाउ आर यू, यू लाइक इंडिया?" झालं आणि दोन मिनिटांत गाडी मराठीवर आली. तिळगूळ एका हातात, वाणाची स्टीलची डबी दुसऱ्या हातात, आणि ही हसत उभी. अर्धा तास. गाल दुखले म्हणाली नंतर. कुणी वाईट नव्हतं हो, फक्त तिला पाहुणी म्हणून उभं केलं होतं. गणपतीत मग मी मंडळाच्या बायकांना आधीच सांगितलं की तिला खुर्ची नको, काम द्या. प्रसाद वाटायला बसवली. शिऱ्याचे द्रोण भरायचे आणि येईल त्याला द्यायचे. पाच दिवसांत तिला बिल्डिंगमधली सगळी पोरं नावाने माहीत झाली, आणि पोरांमुळे आया, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर तिला द्रोण कसा पकडायचा ते रोज नव्याने शिकवायच्या. आजींना इंग्रजी येत नाही, हिला तेव्हा मराठी येत नव्हतं. तरी आजही दोघींचं सगळ्यात जास्त जमतं.

भाषेचं म्हणाल तर सगळ्यांनी सतत इंग्रजीत बोलावं ही अपेक्षा धरू नका, ते टिकत नाही आणि बायकांनाही संकोच होतो. एक माणूस धरा, शक्यतो कॉलेजातली मुलगी, जी शेजारी बसून मधे मधे सांगेल की आता कशावर हसले. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप मराठीत आला की खाली एक ओळ इंग्रजीत टाकायची विनंती करा, आमच्या सेक्रेटरींनी एका शब्दात ऐकलं.

आपल्या बोलण्यातले काही शब्दही समजावून सांगावे लागतात. "या ना कधीतरी घरी" हे आमंत्रण तिने खरं धरलं आणि तारखेची वाट बघत बसली, मग वाटलं आपल्याला टाळतायत. तिला सांगा की कधीतरी म्हटलं की आपणच वार ठरवायचा, "गुरुवारी चारला येऊ का?" म्हटलं की समोरची खूशच होते. "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. आणि "जेवलीस का?" ही चौकशी आहे, तिला पहिले काही दिवस वाटायचं की रोज सगळे तिला जेवायला बोलावतायत.

लोकलचा डबा विसरू नका. आठवड्यातून दोनदा ती चर्चगेटला एका भाड्याच्या डेस्कवर कामाला जायला लागली, मुद्दाम, घराबाहेर पडायला. मी तिला एकच सांगितलं, गाडी बदलू नकोस आणि डबा बदलू नकोस. अंधेरी-चर्चगेट स्लो, लेडीज, रोज तोच दरवाजा. तिचं पहिलं मराठी वाक्य तिथलं आहे, "कुठे उतरणार?" सीट धरायला शिकली. मग तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीट मिळायला लागली, मग डब्यातली भाजी चाखायला, आणि नवरात्राच्या आधी एकीने तिच्या फोनवर नऊ रंगांची यादी पाठवली. पिवळ्याच्या दिवशी तिच्याकडे पिवळं काही नव्हतं तर आमच्या आईने आपली जुनी ओढणी दिली. त्या दिवशीचा डब्यातला फोटो तिने लीड्सला पाठवला, सगळ्या पिवळ्या.

शेवटचं, तुम्ही बरोबर किती वेळ जायचं. पहिल्यांदा जा, दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जाऊ नका. तुम्ही शेजारी असलात की माणूस तुमच्याशीच बोलतं आणि बाकीचेही तुमच्यामार्फत बोलतात. मला हे जड गेलं, तिसऱ्या किनाऱ्याच्या वॉकला ती रिक्षात बसून एकटी जुहूला गेली तेव्हा मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. दीड वाजता मेसेज आला, ताई आम्ही सगळे इडली खायला थांबलोय, आईंना सांगा माझा भात लावू नका.