गॅस डिटेक्टर लावताय? आधी ओट्याखाली वाका

सोसायटीत गॅस डिटेक्टर बसवायचं ठरलं की लगेच कोटेशनं मागवू नका. आधी प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन ओट्याखाली वाकून बघा: एमएनजीएलचा, म्हणजे गॅस कंपनीचा पाइप आहे की सिलिंडर? ऑफिसातल्या फाइलवर विसंबू नका. फाइलमध्ये ‘पीएनजी’ (पाइपने येणारा गॅस) असतं आणि ड्राय बाल्कनीत कपड्यांच्या बादलीमागे भरलेला सिलिंडर उभा असतो. मागच्या खेपेला डिटेक्टर लावताना नेमकं हेच बघायचं राहिलं होतं, म्हणून सुरुवात इथून.

पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, वर चढतो. डिटेक्टर छतापासून 30 सेंटीमीटरच्या आत हवा, खिडकी-दाराच्या वरच्या कडेपेक्षा उंच. मध्ये बीम असेल तर शेगडीच्याच बाजूला, पलीकडे नाही. सिलिंडरमधला एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, फरशीवर पसरतो. त्याचा डिटेक्टर फरशीपासून 15 ते 30 सेंटीमीटरवर, म्हणजे स्कर्टिंगच्या जरा वर. त्याखाली लावलात तर पोछ्याचं पाणी लागतं. ज्या घरात दोन्ही गॅस, तिथे दोन डिटेक्टर. मधल्या उंचीवर एकच लावू असं कुणीतरी सुचवेलच. नाही म्हणा.

नुसती उंची बदलूनही भागत नाही. मागचं लेबल वाचा, मिथेनचा आहे की एलपीजीचा. मिथेन हवेत साधारण 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, एलपीजी 2 टक्क्यांच्या आसपास. एका गॅससाठी कॅलिब्रेट केलेला (त्याच्या प्रमाणावर जुळवलेला) अलार्म दुसऱ्यासाठी भरवशाचा नाही. परत सांगतो: आधी गॅस कोणता, मग लेबल, मग उंची, आणि ड्रिल सगळ्यात शेवटी.

जागा: शेगडीपासून आडवं अंतर मीटर-दीड मीटर तरी ठेवा; किती लांब चालेल ते मॅन्युअल सांगतं. शेगडीच्या बरोब्बर वर नको, फोडणीच्या वाफेने रोज बोंबलेल आणि चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी प्लग काढून ठेवेल. एक्झॉस्ट फॅनसमोर, सिंकशेजारी, पडद्यामागे, ट्रॉलीच्या आत, कुठेच नको. ड्रिल मारण्याआधी भिंतीतली वायर आणि पाण्याची लाइन विचारून घ्या, हे सांगायला नको.

गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. गॅसगळती ओळखणाऱ्या डिटेक्टरला तो वायू कळत नाही, आणि त्याला वासही नसतो. गीझर बाथरूमच्या आत असेल तर अलार्म लावून सुटका नाही, गीझरच बाहेर काढा.

सिलिकॉन सीलंट, रंग, थिनर यांची कामं आधी उरका. सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर कायमचा बधिर होतो, आणि हिरवा दिवा मात्र जळत राहतो! घरात रंगकाम निघालं की डिटेक्टर उतरवून ठेवा.

वीज: बटणाच्या सॉकेटवर नको, कुणीतरी बंद करतंच. सरळ फ्यूज्ड पॉइंट (बटणाशिवाय, फ्यूजमधून थेट जोडणी) द्या. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली तर काय, हे आधीच ठरवा. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गॅसची लाइन आपोआप बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) ‘वीज गेली की बंद’ प्रकारचा असेल तर लाइट आल्यावर तो हाताने रीसेट करावा लागतो. हे स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दाखवून ठेवा, सेक्रेटरीला नाही. पीएनजीच्या लाइनला हात लावायचा तो गॅस कंपनीच्या मान्यताप्राप्त प्लंबरनेच. व्हॉल्व्हवरचा बाण प्रवाहाच्या दिशेला.

चाचणी लायटरच्या गॅसने करू नका, सेन्सर खराब होतो. विक्रेत्याकडून त्याच गॅसची टेस्ट किट मागा, म्हणजे परत तोच प्रश्न: कोणता गॅस? टेस्ट बटण फक्त भोंगा तपासतं.

पार्किंग आणि एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट) वेगळं प्रकरण, त्यासाठी तज्ज्ञ बोलवा.

अलार्म वाजला तर: रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, बाहेर येऊन फोन. एलपीजीसाठी 1906, अग्निशमन 101, पीएनजीचा आपत्कालीन नंबर बिलावर. दाराच्या आत चिकटवा.

सेन्सरची मुदत बहुधा पाच वर्षं; तारीख मार्करने पुढच्या बाजूलाच लिहा. शेजारी गॅसचं नावही लिहा. सिलिंडर सोडून कुणी पाइप घेतला की त्याच आठवड्यात जुना डिटेक्टर उतरवून मिथेनचा वर लावायचा.