जेम्स स्ट्युअर्टचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत

जुन्या नटाचे चित्रपट पाहायचे ठरवले की आपण बहुधा त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाला आधी हात घालतो. हॉलिवूडचा नट जेम्स स्ट्युअर्ट याच्या बाबतीत तो चित्रपट म्हणजे ‘व्हर्टिगो’, आणि नेमका तोच सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे मत आहे. त्यात या नटाने जे केले आहे त्याचा धक्का बसण्यासाठी प्रेक्षकाला त्याचा आधीचा चेहरा चांगला ओळखीचा असावा लागतो.

तयारी फारशी लागत नाही. स्ट्युअर्ट अडखळत, शब्द लांबवत, वाक्य मध्येच सोडून बोलतो. त्यामुळे इंग्रजी चांगले समजत असले तरी सबटायटल्स सुरू ठेवावीत. कागदावर 1941 ते 1945 या वर्षांभोवती एक चौकट आखून ठेवावी, कारण या कारकिर्दीचे दोन भाग तिथेच पडतात.

त्याचा जन्म 1908 साली पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना नावाच्या लहानशा गावात झाला. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. प्रिन्स्टन विद्यापीठातून 1932 मध्ये वास्तुकलेची पदवी घेऊन हा सव्वासहा फूट उंचीचा, काडीसारखा मुलगा नाटकमंडळीत शिरला आणि 1935 मध्ये एमजीएम स्टुडिओच्या करारावर हॉलिवूडला पोहोचला. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांतले चित्रपट खुशाल वगळावेत. स्टुडिओलाही तेव्हा त्याचे काय करावे हे उमगलेले नव्हते.

सुरुवात करावी ती फ्रँक काप्रा यांच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (1939) पासून. सिनेटमध्ये तासन्‌तास उभे राहून बोलणाऱ्या तरुण सदस्याचा आवाज शेवटी पार बसतो. तो बसलेला आवाज खरा वाटावा म्हणून स्ट्युअर्टने घशाला पाऱ्याचे संयुग लावून घेतले होते. या प्रसंगात कथेपेक्षा आवाजाकडे लक्ष द्यावे. त्यानंतर अर्न्स्ट लुबिच यांचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (1940) पाहावा. बुडापेस्टमधल्या एका दुकानातला हा सरळमार्गी कारकून म्हणजे युद्धापूर्वीचा स्ट्युअर्ट, अगदी निर्मळ रूपात. ज्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी त्याला ऑस्कर मिळाले, तो सवडीने पाहिला तरी चालेल, माझ्या मते तो कॅथरीन हेपबर्न आणि कॅरी ग्रँट यांचाच चित्रपट आहे. ऑस्करची बाहुली मात्र पुढे अनेक वर्षे वडिलांच्या दुकानाच्या काचेत मांडलेली होती.

ऑस्कर मिळाले 1941 च्या फेब्रुवारीत, आणि मार्चमध्ये स्ट्युअर्ट साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. आधी वजन कमी भरले म्हणून त्याला परत पाठवले होते. विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे होताच. इंग्लंडमधल्या तळावरून बी-24 बॉम्बर विमाने घेऊन त्याने 20 मोहिमा केल्या आणि युद्ध संपले तेव्हा तो कर्नल होता.

परतल्यानंतरचा पहिला चित्रपट ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (1946) हा या क्रमातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. त्याचे स्वामित्वहक्क 1974 मध्ये नूतनीकरणाअभावी सुटल्यामुळे बाजारात धूसर आणि रंगवलेल्या प्रतीही पुष्कळ आल्या. आपण कृष्णधवल, नीट दुरुस्त केलेली प्रतच निवडावी. गुत्त्यात बसून नायक जॉर्ज बेली हलक्या आवाजात देवाची करुणा भाकतो, तो प्रसंग दोनदा पाहावा. चित्रीकरणाच्या वेळी स्ट्युअर्टला खरोखरच रडू कोसळले. कॅमेरा लांब होता आणि तसे रडणे पुन्हा साधणार नव्हते, म्हणून काप्रा यांनी ते चित्रण नंतर प्रयोगशाळेत मोठे करून घेतले. चेहरा जवळ येतो तेव्हा पडद्यावर रवाळपणा दिसला, तर तो प्रतीचा दोष समजू नये.

यापुढे अँथनी मान यांचा ‘विंचेस्टर 73’ (1950) घ्यावा. या चित्रपटासाठी स्ट्युअर्टने ठरावीक मानधनाऐवजी नफ्यातला वाटा घेतला आणि पुढे बड्या नटांमध्ये ही रीत रूढ झाली. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दारूच्या अड्ड्यातला क्षण: नायक खलनायकाचा हात पिरगाळतो आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही राग उतरतो की बुडापेस्टचा कारकून आठवून आपण चरकतो.

मग आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘रिअर विंडो’ (1954). पाय प्लास्टरमध्ये, माणूस चाकाच्या खुर्चीत. अभिनयाला उरतात डोळे आणि हात. काळाच्या हिशेबाने ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (1959) हा ‘व्हर्टिगो’ (1958) नंतरचा आहे, तरी तो आधी उरकावा. मासेमारीहून परतून आधीच माशांनी भरलेल्या फ्रीजमध्ये आणखी मासे कोंबणारा हा वकील आपले जुने अडखळणे न्यायालयात हत्यारासारखे वापरतो, हे तिथे ध्यानात येते.

आता ‘व्हर्टिगो’ लावावा. कपड्यांच्या दुकानातला प्रसंग आला की सबटायटल्स बंद करावीत. समोरच्या तरुणीच्या अंगावर नेमका तोच करड्या रंगाचा सूट हवा म्हणून नायक स्कॉटी एकामागून एक कपडे नाकारत जातो, ती विनवते तरी ऐकत नाही, आणि हे सारे तो 1939 सालच्या त्याच मृदू, अडखळत्या, अदबशीर आवाजात करतो.