टेबलटॉप आरपीजीचा धंदा काढताय? मी सोलापुरात केलेल्या या चुका टाळा

आमच्या घरी माळ्यावर मी लिहिलेल्या आरपीजीच्या, म्हणजे रोल-प्लेइंग गेमच्या, पुस्तकांचे सात गठ्ठे आहेत, जुन्या चादरीत बांधलेले. झपाटलेल्या वाड्यातलं साहस, मराठीत, सहा फर्मे, ९६ पानं. ३०० प्रती छापल्या होत्या. दोन वर्षांत ५८ गेल्या, त्यातल्या वीसेक तर मीच मित्रांच्या हातात कोंबल्या. आई दर दिवाळीला माळा साफ करायला काढते आणि विचारते, "रद्दीवाल्याला बोलवू का रे?"

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे एक पात्र. एक जण सूत्रधार. बाहेर त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग उभा करतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. या प्रकारचा पहिला खेळ, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डीअँडडी), १९७४ साली अमेरिकेत आला, पहिली छपाई हजार प्रतींची. आज त्याच छंदाचे आकडे ऐकून डोकं गरगरतं. 'अवतार लेजेंड्स' या आरपीजीने २०२१ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ९५ लाख डॉलर जमवले. डीअँडडी बियाँड हे डीअँडडी खेळणाऱ्यांचं संकेतस्थळ २०२२ मध्ये १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकलं गेलं. हे आकडे खरे आहेत. मीही तेच वाचून प्रेसमध्ये गेलो होतो.

पुस्तक आधी, टेबल नंतर

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

प्रेसवाल्याने हिशोब मांडला. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि पाचशेंना तेवढाच, म्हणजे जितक्या जास्त छापाल तितकी प्रत स्वस्त. मला ते पटलं. मी ३०० वर थांबलो म्हणून स्वतःला शहाणाही समजलो. पण ही ३०० पुस्तकं घेणार कोण, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

कादंबरी वाचणारा प्रत्येक जण कादंबरीचा गिऱ्हाईक असतो. या खेळात तसं नाही. पाच जणांच्या टेबलावर पुस्तक एकालाच लागतं, सूत्रधाराला. बाकीचे एक पेन्सिल आणि उसना फासा घेऊन वर्षभर मजेत खेळतात. ही फक्त आपल्याकडची कंजुषी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये, आता डीअँडडी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांना हेच सांगितलं होतं: खेळणाऱ्यांत डीएम साधारण २० टक्के, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच.

आता हे सोलापूरला लावा. माझ्या ३०० प्रती खपायला ३०० सूत्रधार हवेत. सात रस्त्यापासून साखर पेठेपर्यंत मला माहीत होते चार. त्यातला एक मी.

म्हणजे इथे माल कमी नाही, सूत्रधार कमी आहेत. या धंद्याचं भविष्य काय, असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, यंदा तुमच्या गावात नवे सूत्रधार किती झाले?

दुरुस्ती अशी. छापायचंच असेल तर डिजिटलवर तीस प्रती काढा. प्रत महाग पडेल, पडू दे. माळा रिकामा राहील. पहिलं पुस्तक ९६ पानांचं नको, एका फर्म्याचं करा. सोळा पानं, तीन तासांत संपणारं एक साहस, पाच तयार पात्रं, आणि 'पहिल्यांदाच चालवताय?' असं एक पान. माझ्या ९६ पानांत ते एक पान नव्हतं. वाड्याच्या मालकांच्या सात पिढ्यांची वंशावळ मात्र होती.

माल गाडीत चढला म्हणजे विकला असं समजणं

माझ्या मामांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग होते. ते म्हणायचे, "गाडीत चढला तो माल. पैसा घरात आला की मग ती विक्री." मी दोन दुकानांत पुस्तकं ठेवली आणि वहीत 'विक्री ४०' लिहून मोकळा झालो. सहा महिन्यांनी ३६ परत आली, कोपरे दुमडलेली.

यात मी एकटा नाही. आधी डीअँडडी काढणारी टीएसआर कंपनी १९९७ मध्ये विझार्ड्सला विकली गेली, त्यामागे हेही एक कारण होतं. पुस्तकं रँडम हाऊस या प्रकाशकामार्फत दुकानांत जायची, पैसा आधी मिळायचा, न खपलेला माल नंतर परत यायचा. वर त्यांनी एकाच खेळाची किती जगं काढली! ड्रॅगनलान्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट. एका जगात रमलेला गट दुसऱ्याचं पुस्तक घेत नाही. नवं गिऱ्हाईक मिळालंच नाही, होतं तेच वाटलं गेलं.

तेव्हा पहिलं साहस दहा टेबलांवर चालेपर्यंत दुसरं लिहू नका. हात शिवशिवतात, मला माहीत आहे.

'आयुर्बिंदू'

हे सांगताना अजून लाज वाटते. मराठीत करायचं म्हणून मी सगळ्याला शब्द पाडले. एचपीला (पात्रात किती जीव उरला तो आकडा) 'आयुर्बिंदू', डेक्सला (चपळाई) 'चापल्य', इनिशिएटिव्हला (आधी पाळी कुणाची) 'अग्रक्रमांक'. पहिल्याच रविवारी पूर्व भागातला एक दोस्त म्हणाला, "काय बे, हे पंचांग हाय का गेम?"

आमच्या टेबलावर घरी तेलुगू बोलणारे दोघं, कन्नड बोलणारी एक, दखनी बोलणारा एक. सगळ्यांना जोडणारी भाषा मराठीच, पण बोलण्यातली, एचपी आणि डॅमेजसकट. प्रसंग मराठीत लिहा, गावाचा वास येऊ द्या, भुईकोट किल्ल्याचा खंदक येऊ द्या. आकड्यांची नावं मात्र पोरं जी घेतात तीच ठेवा.

पहिल्या रविवारी आठ, तिसऱ्या रविवारी दोन

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: तुम्ही वर्षभराची मोहीम सुरू केलेली असते. एकाची पाळी बदलते, दुसऱ्याचा क्लास लागतो, तिसऱ्याच्या पेठेत नेमकं त्या दिवशी चार दिवसांनी पाणी येतं. गोष्ट अर्धवट राहते आणि चुकलेल्याला परत यायला अवघड वाटतं. दर वेळी तीन तासांत संपणारी गोष्ट ठेवा. पात्रं पुढे चालू राहिली तर छान, नाही तर नाही.

पैसे पहिल्या दिवसापासून घ्या, थोडे का होईना. मी आठ महिने फुकट चालवलं. नंतर ५० रुपये मागितले तर चेहरे पडले. समजा पाच जणांचे प्रत्येकी १५०, म्हणजे ७५०. त्यातून चहा आणि जागेचे २५० गेले. उरलेले ५०० तीन तास खेळ आणि तीन तास तयारीचे. पोट भरत नाही, पण माझ्या पुस्तकाने दोन वर्षांत जेवढं दिलं तेवढं तीन महिन्यांच्या रविवारांनी दिलं.

पैसे आदल्या दिवशी यूपीआयवर घ्या. टेबलावर नोटा आणि फासे एकत्र दिसले की हॉटेलवाल्याला दुसराच खेळ आठवतो. आम्हाला एकदा चहा अर्धा टाकून उठावं लागलंय.

'सगळं ओपन आहे' म्हणून काहीही उचलणं

डीअँडडीचे नियम इतर प्रकाशकांनी कसे वापरायचे, त्याचा विझार्ड्सचा नवा परवाना जानेवारी २०२३ मध्ये जाहीर होण्याआधीच बाहेर फुटला. त्यात मोठ्या प्रकाशकांकडून साडेसात लाख डॉलरवरच्या उत्पन्नात २५ टक्के मागितले होते. लोकांनी डीअँडडी बियाँडची वर्गणी धडाधड बंद केली, कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळे केले. ते तुम्ही विकायच्या पुस्तकातही वापरू शकता. श्रेय देण्याची ओळ मात्र जशी सांगितली आहे तशी छापा. याचा अर्थ बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर हे डीअँडडीचे खास राक्षस तुमचे झाले असा नाही. दुसरीकडे विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली की आपला जीव जळतो ना? तसंच हे. नियमांच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. शब्दांवर आणि चित्रांवर असतो.

करांचंही आत्ताच बघून ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, बोर्ड गेमवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. पुस्तक आणि फासे एका खोक्यात घालून विकणार असाल तर बिल फाडण्याआधी सीएला विचारा.

परदेशी टेबलाचा मोह

ऑनलाइन डॉलरमध्ये खेळ चालवणं शक्य आहे, लोक करतातही. फक्त घड्याळ बघा. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. मी दोन आठवडे केलं आणि ऑफिसात डुलक्या काढल्या. लंडन बरं, रात्री साडेदहाला बसता येतं.

नवा सूत्रधार पळून जातो

कारण तुम्ही त्याच्या शेजारी बसून नियम सुधारत असता. आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीने चालवायला घेतलं आणि राक्षसांचा हिशोब चुकून चाळीस मिनिटांत सगळ्यांना मारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाकीचे हसत सुटले. पुढच्या रविवारी तिनेच परत चालवलं, आणि खाली जाताना पुस्तकाची किंमत विचारली. त्या दिवशी मला कळलं की गप्प बसणं हाही विक्रीचा भाग आहे.

आणि जानेवारीच्या मध्यात टेबल लावू नका. सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज निघालेले असतात, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली असते, पाळणे फिरत असतात. मी दोनदा लावून बघितलं. पहिल्या वेळी कुणी आलं नाही. दुसऱ्या वेळी मीही गेलो नाही.