व्हेरिफाय ओके आलं म्हणजे व्होल्टेज बरोबर, असं नसतं

आधी माझंच सांगतो. ईपीएम२४० चा छोटा बोर्ड होता, ही सीपीएलडी, म्हणजे आपल्याला हवं ते लॉजिक भरता येणारी चिप. त्याला आर्डुइनो उनोचे पिन सरळ जंपरने लावले, प्रोग्राम झाला, भरलेलं परत वाचून ताडलं तर व्हेरिफाय ओके, आठवडाभर काउंटर मस्त मोजत होता. मग एक दिवस नाशिकच्या सातपूरहून ड्युटी संपवून घरी येऊन बघतो तर एक आउटपुट हाय म्हणजे १ वरच अडकलेलं, आणि चिपवर बोट टेकवलं तर चटका. उनो ५ व्होल्ट देतो, त्या चिपच्या इनपुटला ४ पर्यंतच चालवा असं लिहिलंय, ४.६ ही तर शेवटची हद्द. डेटाशीट नंतर उघडली, वरातीमागून घोडं.

तर पहिलं काम, चिपवरचं नाव शेवटच्या अक्षरांसकट वाचा, मोबाइलच्या टॉर्चने वाचा. एक्ससी९५७२ ही ५ व्होल्टची, एक्ससी९५७२एक्सएल ३.३ ची. एटीएफ१५०४एएस ५ ची, एएसव्ही ३.३ ची. एमजी रोडला काउंटरवर विचारलं तर मला एकदा "एकच आहे हो, चालतंय" असं उत्तर मिळालंय, नाही चालत. एक्सएलला ५ व्होल्ट टॉलरंट म्हणजे ५ सोसणारी म्हणतात त्यावरही लोक फसतात, ते फक्त इनपुटपुरतं, सप्लायला ३.३ च द्यायचं. अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता तेव्हा मी जुनी कंट्रोल कार्डं उचलून आणायचो, त्यावर ईपीएम७१२८एस निघायच्या, त्या ५ च्या, म्हणून माझ्या डोक्यात सीपीएलडी म्हणजे ५ हेच बसलेलं.

आता प्रोग्रामर, खरी गंमत इथे आहे. यूएसबी ब्लास्टर म्हणजे ईपीएमसारख्या चिप प्रोग्राम करायची डबी, तिला १० पिनचा कनेक्टर असतो, त्यातला ४ नंबर व्हीसीसी. मूळ डिझाइनमध्ये हा पिन सप्लाय द्यायला नाहीये, तुमच्या बोर्डाचं व्होल्टेज किती हे प्रोग्रामरला कळावं म्हणून आहे. स्वस्त क्लोनमध्ये बऱ्याचदा ही भानगडच नसते. त्यामुळे बोर्ड न जोडता नुसता प्रोग्रामर लॅपटॉपला लावा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब १० नंबरला म्हणजे ग्राउंडला, लाल ४ नंबरला. शून्याच्या आसपास आलं तर ठीक. ३.३ किंवा ५ आलं तर तो स्वतःच सप्लाय बाहेर ढकलतोय, आणि तुमच्या बोर्डाला वेगळा ॲडॉप्टर असेल तर दोन सप्लाय एकमेकांवर चढणार. मी रिबन केबलच्या लाल पट्टीकडून मोजून चौथी तार सरळ कापली, पण मोजून हं, दोनदा मोजून. मग १, ५ आणि ९ या सिग्नलच्या पिनांवर पण प्रोब टेकवा, जो पिन हाय असेल त्यावरून सिग्नल किती व्होल्टचे आहेत ते कळतं. सगळे लो असतील तर डबी उघडा आणि आतल्या बफर चिपचा, म्हणजे सिग्नल बाहेर पाठवणाऱ्या चिपचा, सप्लाय मोजा.

प्रोग्रामर ३.३ चा आणि चिप ५ ची, तर सिग्नल चिपकडे जाताना फारसा त्रास नाही, कारण एटीएफ१५०४एएस ला २ व्होल्टच्या वर हाय समजतं. मध्ये ७४एचसी वाला आयसी असेल तर मात्र त्याला ५ च्या सप्लायवर साडेतीन लागतात, तिथे कधी चालतं कधी नाही, डोकं पिकतं. तिथे ७४एचसीटी वापरा.

विसरायला होते ती परतीची तार, टीडीओ. बाकी तीन सिग्नल प्रोग्रामरकडून चिपकडे जातात, हा एकटा उलटा येतो, आणि ५ च्या चिपमधून तो ३.३ च्या वर येऊ शकतो. एफटी२३२एच या यूएसबी चिपचा प्रोग्रामर असेल तर तो ते सोसतो, पण रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ ने प्रोग्राम करत असाल तर टीडीओमध्ये १.८ के चा रेझिस्टर घाला, पाय किंवा ईएसपीच्या बाजूने ग्राउंडला ३.३ के चा, झाले सव्वातीन व्होल्ट. व्होल्टेज बदलून देणारे बीएसएस१३८ चे ते लाल मॉड्यूल मिळतात ते जेटॅगला, म्हणजे या चार तारांच्या प्रोग्रामिंगला, स्लो पडतात, क्लॉकचा स्पीड कमी केला तर चालून जातात, नाहीतर ७४एलव्हीसी२४५ हा बफर ३.३ वर चालवा, त्याचे इनपुट ५ घेतात.

गॅल, म्हणजे याच जातीच्या जुन्या छोट्या चिप, वापरणाऱ्यांना एवढं लफडं नाही, टीएल८६६ या सॉकेटवाल्या प्रोग्रामरमध्ये बरोबर पार्ट निवडला की तो आपापलं बघतो. फक्त चिप सर्किटमधून काढूनच प्रोग्राम करा, कारण प्रोग्रामिंगला एका पिनवर १२ च्या आसपास किंवा जास्त व्होल्टेज येतं आणि शेजारचा बिचारा आयसी विनाकारण जाईल.

जोडताना आधी ग्राउंड, मग बोर्डाचा सप्लाय, मग सिग्नल, काढताना उलटं. बोर्डाचा सप्लाय बंद आहे आणि तरी पॉवरचा एलईडी मंद मंद पेटलाय असं दिसलं तर सिग्नल पिनमधून करंट आत शिरतोय, लगेच केबल उपसा.