सेपक टकरा: मैदान, खेळाडू आणि सर्व्हिसचे नियम

सेपक टकरा, म्हणजे हात न लावता पायाने, डोक्याने किंवा अंगाने चेंडू जाळ्यापलीकडे पाठवण्याचा खेळ, प्रथमच पाहणाऱ्याचे लक्ष जाळ्याजवळ हवेत उलटा होऊन पायाने चेंडू हाणणाऱ्या खेळाडूकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु खेळ नीट समजून घ्यायचा असेल, तर नजर आधी प्रत्येक बाजूच्या मैदानात आखलेल्या छोट्या वर्तुळावर ठेवावी. प्रत्येक गुणाची सुरुवात तेथून होते आणि नवख्या संघाचे बहुतेक गुणही तेथेच वाया जातात.

मैदान 13.4 मीटर लांब आणि 6.1 मीटर रुंद असते, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच. पुरुषांच्या खेळात जाळ्याची मध्यभागी उंची 1.52 मीटर आणि महिलांच्या खेळात 1.42 मीटर ठेवतात. पुरुषांची ही उंचीही बॅडमिंटनशी जवळजवळ जुळत असल्यामुळे, ज्या शाळेत वा सोसायटीत बॅडमिंटनचे कोर्ट आहे तेथे सरावासाठी निराळी जागा शोधण्याची गरज नाही. मात्र बॅडमिंटनचे बारीक विणीचे जाळे या चेंडूपुढे फार काळ टिकत नाही, म्हणून शक्य असल्यास जाड दोऱ्याचे जाळे लावावे. मैदानाच्या वर 8 मीटरपर्यंत पंखा, दिवा किंवा तुळई अशी कोणतीही अडचण नसावी.

खडूने किंवा चिकटपट्टीने दोन खुणा मात्र नव्याने कराव्या लागतात. पहिली खूण म्हणजे प्रत्येक बाजूला 30 सेंटिमीटर त्रिज्येचे सर्व्हिसचे वर्तुळ. त्याचे केंद्र मागच्या रेषेपासून 2.45 मीटरवर आणि दोन्ही बाजूंच्या रेषांपासून सारख्या अंतरावर येते. दुसरी खूण म्हणजे मध्यरेषा जेथे बाजूच्या रेषेला मिळते तेथील कोपऱ्यात 90 सेंटिमीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ. अशी पाव वर्तुळे प्रत्येक बाजूला दोन, एकूण चार असतात.

चेंडू पूर्वी वेताचा विणत असत. आता स्पर्धांमध्ये कृत्रिम धाग्यांचा वापरतात. विणीत 12 छिद्रे राहतात. पुरुषांच्या चेंडूचे वजन 170 ते 180 ग्रॅम आणि महिलांच्या चेंडूचे 150 ते 160 ग्रॅम असते. नवशिक्यांनी डोक्याने खेळताना तो कपाळावर घ्यावा, टाळूवर घेऊ नये.

तीन खेळाडूंच्या संघाला रेगू म्हणतात. मागे उभा राहून सर्व्हिस करणारा तो टेकाँग. पुढच्या दोघांना इनसाइड म्हणतात. त्यांपैकी एक फीडर, म्हणजे चेंडू जाळ्याजवळ उंच उचलून देणारा, आणि दुसरा स्ट्रायकर, म्हणजे तो मारणारा. सामान्यतः उंच उडी असलेल्या मुलाला स्ट्रायकर नेमण्याची घाई होते, परंतु नव्या संघात आधी फीडर घडवावा, कारण चेंडू योग्य उंचीवर मिळाला नाही तर उडी कितीही उंच असली तरी तिचा उपयोग होत नाही.

सर्व्हिसच्या वेळी टेकाँगचा एक पाय वर्तुळात जमिनीला टेकलेला असावा लागतो आणि दोन्ही इनसाइड आपापल्या पाव वर्तुळात उभे असतात. पंचांनी गुण पुकारल्यानंतर एक इनसाइड हाताने चेंडू टेकाँगकडे उडवतो आणि टेकाँग मोकळा पाय उचलून, चांगला खेळाडू असल्यास डोक्याच्याही वर नेऊन, चेंडू जाळ्यापलीकडे मारतो. संपूर्ण खेळात चेंडूला हात लावण्याची परवानगी आहे ती एवढ्या फेकीपुरतीच. पंचांनी पुकारण्यापूर्वी चेंडू फेकणे, फेकताना इनसाइडने पाय उचलणे, रेषेवर पाऊल ठेवणे किंवा जाळ्याला स्पर्श करणे, टेकाँगचा टेकलेला पाय चेंडू मारण्यापूर्वी उचलला जाणे, त्याच्याकडून चेंडू हुकणे, आणि पलीकडे जाण्यापूर्वी चेंडू आपल्याच खेळाडूला लागणे हे सर्व फाउल असून गुण प्रतिपक्षाला मिळतो. सर्व्हिस बिघडली की सगळे टेकाँगला बोल लावतात, पण दोष बहुधा फेकीत असतो. म्हणून सरावाच्या पहिल्या टप्प्यात जाळे बाजूला ठेवून केवळ एकाच उंचीवर, एकाच जागी चेंडू फेकण्याची सवय इनसाइडला लावावी.

सर्व्हिस झाल्यावर खेळाडू आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही जाऊ शकतात आणि व्हॉलीबॉलप्रमाणे जागा बदलत फिरण्याचे बंधन नसते. चेंडू परत पाठवण्यासाठी एका बाजूला तीन स्पर्श मिळतात. येथे व्हॉलीबॉलच्या खेळाडूंना सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी की हे तिन्ही स्पर्श लागोपाठ एकाच खेळाडूने केले तरी चालतात. पाय, गुडघा, मांडी, छाती, पाठ, डोके यांपैकी कशानेही खेळता येते, मात्र चेंडू हाताला वा दंडाला लागला, अंगात किंवा दोन पायांत अडकला, अथवा खेळाडू जाळ्याला शिवला तर फाउल होतो.

पहिला स्पर्श शक्यतो पावलाच्या आतल्या बाजूने, गुडघा बाहेर वळवून आणि पाऊल आडवे सपाट धरून करावा. जाळ्यावरच्या हल्ल्यात रोल स्पाइक आणि सनबॅक ही दोन नावे वारंवार कानी पडतात. रोल स्पाइकमध्ये खेळाडू जाळ्याकडे पाठ करून उडतो आणि हवेत गिरकी घेत मारतो. सनबॅकमध्ये गिरकी न घेता पाठमोराच राहून चेंडू खांद्यावरून मागे मारतो. दोन्ही प्रकार गादीशिवाय आणि प्रशिक्षकाशिवाय शिकू नयेत.

गुणपद्धती वेळोवेळी बदलली आहे. पूर्वी 21 गुणांचे सेट असत. पाटण्यात मार्च 2025 मध्ये झालेल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष रेगूने जपानला हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा तीनपैकी दोन सेट जिंकायचे होते आणि सेट 15 गुणांचा, 14-14 अशी बरोबरी झाल्यास जास्तीत जास्त 17 गुणांपर्यंत जाणारा होता. सर्व्हिसची पाळी अनेक वर्षे तीन-तीन सर्व्हिसनंतर बदलत असे. त्यामुळे जिल्हा किंवा शालेय स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्या स्पर्धेचे नियमपत्रक मागून सेटचे गुण आणि सर्व्हिसची पाळी या दोन बाबी तपासून घ्याव्यात. प्रवेशिका भरताना प्रकारही नीट पाहावा: रेगूत तिघे खेळतात, दुहेरीत दोघे, क्वाडमध्ये चौघे, तर टीम रेगूत एका संघाचे तीन रेगू प्रतिस्पर्ध्याच्या तीन रेगूंशी क्रमाने लढतात. जकार्ता-पालेम्बांग येथील 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय पुरुषांनी कांस्यपदक मिळवले ते याच टीम रेगू प्रकारात.