वाशिष्ठीची पातळी वाचताना भरतीही मोजा

चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. पण आकडा एकटा पाहू नका, दर तासाची नोंद ठेवा. पाणी ५ मीटरवर असताना तासाला ४० सेंटिमीटर चढत असेल, तर धोका पातळीला पाचच तास उरले.

मग भरतीची वेळ काढा. कोकणातली जुनी रीत: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६ वाजता. हा हिशेब समुद्राकाठचा. नदी समुद्राला मिळते त्या दाभोळच्या मुखातून भरती वर चढायला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा खाडी तुंबते आणि पुराला उतरायला वाट राहत नाही.

इथेच फसगत होते. ओहोटीला पाणी वीतभर उतरले की लोक सामान परत खाली आणतात. घाटमाथ्यावर पाऊस चालू असेल तर पुढच्या भरतीला तेच पाणी आधीपेक्षा वर येते. दोन भरत्या उलटून पातळी घटतच राहिली, तरच पूर ओसरला समजा. कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाची सूचनाही ऐका. कोयनेचे वीजनिर्मितीचे पाणी याच नदीत येते.

इशारा पातळीलाच गाडी उंचावर न्या, मेन स्विच बंद करा.