निघोजला वर्ग घेऊन जाताना

प्राचार्यांची सही, पालकांची संमतीपत्रं, एसटीचा प्रासंगिक करार, प्रथमोपचार पेटी. एवढं तर गेल्या जानेवारीत मीही केलं होतं. कुकडी नदीत पाणी सोडलंय का, हे तेवढं विचारलं नव्हतं. 42 मुलं घेऊन काठावर पोचलो, तर जे बघायला गेलो त्या रांजणखळग्यांच्या (नदीच्या खडकात कोरलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांच्या) जागी गढूळ, फेसाळ पाणी. देवळापाशी नारळ विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काल फोन करायचा ना सर! बंधारे भरायला सोडलंय." मळगंगेचं दर्शन घेतलं आणि परत.

म्हणून आधी फोन. पाटबंधारेच्या शाखेत करा, गावातही कुणाला तरी करा. नुसतं "आवर्तन (धरणातून पाणी सोडायची पाळी) चालू आहे का" विचारून भागत नाही. कालव्याला सोडलं तर आपल्याला फरक पडत नाही, नदीत सोडलं की दिवस गेला. बस ठरवण्याआधी विचारा, आदल्या दिवशी पुन्हा विचारा. पावसाळ्यात जायचा विचारही नको.

टोपोशीट, म्हणजे त्या भागाचा सविस्तर नकाशा, वर्गातच वाचून घ्या. 1:50,000 म्हणजे 1 सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. त्यात खळगा दिसणार नाही, हेही तिथंच सांगून टाका. नाहीतर काठावर उभं राहून मुलं नकाशातच खोट काढतात. टेप, होकायंत्र, आणि गवंड्याकडून एक ओळंबा मागून आणा. खळग्यांत पाणी साचलेलं असतं, टेप तरंगतो. ओळंबा सरळ तळाला जातो. एका गटाला एकच खळगा द्या: तोंडाचा व्यास, खोली, आतली गुळगुळीत भिंत, तळाचे गोटे. भोवऱ्यात फिरून फिरून याच गोट्यांनी बेसॉल्ट कोरलाय, हे गोटा हातात घेतल्यावर जेवढं कळतं तेवढं फळ्यावर तासभर बोलून कळत नाही. गोटा परत जागेवर ठेवायला लावा. खिशात घालतात.

कडेला सेल्फी नाही, पाण्यात उतरणं नाही. शेवाळावर पाय गेला की संपलं. याला माझ्याकडे अपवाद नाही, रुसले तर रुसू दे.

आणि निघायच्या सकाळी, बस सुटायच्या आत, तिसरा फोन. हो, तिसरा. रात्रीतून सोडतात.

डबे घरचे. हजेरी दोनदा, उतरताना आणि चढताना. अहवाल आठवड्यात मागवा, उशीर झाला की सगळे एकाचंच उतरवतात.